कवटी उघडी असताना एमआरआय: ग्लायोमाच्या शस्त्रक्रियेत मधला स्कॅन कसा पार पाडावा

ग्लायोमा म्हणजे मेंदूच्याच आधारपेशींतून वाढणारी गाठ. ती काढताना न्यूरोनॅव्हिगेशनच्या (हत्याराचे टोक एमआरआयच्या चित्रावर दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) पडद्यावर दिसतो तो मेंदू शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचा असतो. टेबलावरचा मेंदू तसा राहत नाही. हाड काढले, ड्युरा (मेंदूचे जाड आवरण) उघडली, सीएसएफ (मेंदूभोवतीचे पाणी) वाहून गेले, मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारे औषध) चढले, गाठीचा निम्मा भाग बाहेर आला की मेंदू गुरुत्वाकर्षणाने खाली बसतो. पृष्ठभाग एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त खचू शकतो. सूज असेल तर उलटे होते आणि मेंदू वर फुगून येतो. पॉइंटर मात्र जुन्याच चित्रावर बोट दाखवत राहतो. ऐन शस्त्रक्रियेत नवा एमआरआय घ्यायचा तो यासाठी: किती गाठ उरली ते पाहायला, आणि नॅव्हिगेशनला ताजा नकाशा द्यायला.

चित्र काढणे हा यातला सोपा भाग. स्कॅन फसतो तो बहुतेक वेळा त्वचेला छेद देण्याआधीच्या एखाद्या चुकीमुळे: डोके गँट्रीत (मॅग्नेटच्या बोगद्यात) न मावणाऱ्या कोनात बसवले, श्वासाच्या नळीत तार निघाली, कॉइलची (डोक्याभोवती बसणाऱ्या, संकेत टिपणाऱ्या अँटेनाची) वायर पोहोचली नाही. म्हणून इथे जास्त शब्द तयारीवर खर्च केले आहेत.

यंत्रणा कोणती

पहिली यंत्रणा बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९९४ मध्ये सुरू झाली. फेरेन्क योलेस आणि पीटर ब्लॅक यांच्या गटाने ०.५ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप), मधे ५६ सेंटिमीटरची फट असलेले मॅग्नेट वापरले. सर्जन त्या फटीतच उभे राहून काम करत, त्यामुळे चिमट्यापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत सगळेच चुंबकाला न चिकटणारे लागे. पुढे टेबलाखाली मावणारी ०.१५ टेस्लाची छोटी यंत्रेही आली. ती सोयीची, पण चित्र धूसर.

आज बहुतेक ठिकाणी १.५ किंवा ३ टेस्लाचे मॅग्नेट असते आणि दोन पद्धती चालतात. एकीत रुग्ण जागेवर राहतो आणि मॅग्नेट छतावरच्या रुळांवरून येते. कॅलगरीत गार्नेट सदरलँड यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही रचना वापरात आणली. मुंबईत अंधेरीच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयातही सरकत्या मॅग्नेटची रचना आहे. दुसरीत मॅग्नेट शेजारच्या खोलीत असते आणि टेबलाचा वरचा फळा रुग्णासकट तिकडे सरकवतात. पहिलीत नळ्या-वायरी हलत नाहीत, पण मॅग्नेट आत आले की अख्खे ओटी (शस्त्रक्रियागृह) धोक्याचे क्षेत्र बनते. दुसरीत ओटी एरवी साधेच राहते, मात्र प्रत्येक फेरीत नळी निसटण्याची भीती. पुढच्या सूचना दोन्हींना लागू आहेत. फरक असेल तिथे तसे सांगितले आहे.

कोणत्या रुग्णासाठी

लो-ग्रेड (सावकाश वाढणाऱ्या) ग्लायोमात उपयोग सर्वांत जास्त, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ती गाठ आणि निरोगी मेंदू यांतला फरक डोळ्याला कळतोच असे नाही. कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते, चित्रात गाठ उजळवणारे औषध) घेणारा ग्लिओब्लास्टोमा (वेगाने वाढणारा ग्लायोमा), मोठा पिट्युइटरी अॅडिनोमा आणि फिट्ससाठी काढायचा कॉर्टिकल डिस्प्लेसिया (मेंदूच्या बाह्य थराची जन्मजात सदोष घडण) हेही योग्य. कवटीलगतच्या साध्या मेनिन्जिओमासाठी (मेंदूच्या आवरणाच्या गाठीसाठी) एवढा घाट घालू नये. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रँकफर्टच्या चाचणीत कॉन्ट्रास्ट घेणारा सगळा भाग निघाल्याचे प्रमाण मधल्या स्कॅनसह ९६ टक्के, तर त्याविना ६८ टक्के होते. विश्लेषणात ४९ रुग्ण होते, हेही ध्यानात असू द्या.

आदल्या दिवशी

पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट, जुनी अॅन्युरिझम क्लिप, डोळ्यात धातूचा कण गेल्याचा इतिहास (वेल्डर आणि लेथवर काम करणाऱ्यांना मुद्दाम विचारा) ही यादी सगळ्यांना पाठ असते. निसटतात त्या वेगळ्या गोष्टी. कमरेचा चांदीचा करदोडा, बोटात रुतलेली जोडवी, केसांतली पिन, ताईत, औषधाचा चिकटपट्टीसारखा पॅच. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरे, पण बंद कड्यात वीजप्रवाह निर्माण होऊन ते तापू शकते, आणि स्वस्त दागिन्यात लोखंड मिसळलेले असते. काही पॅचना मागे अॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो, तोही भाजतो. जोडवी निघत नसतील तर आदल्या संध्याकाळीच कापा. सकाळी ओटीच्या दारात तो वाद नको.

मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. जीएफआर (मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते त्याचे माप) ३० च्या खाली असेल तर गॅडोलिनियमचा (कॉन्ट्रास्टच्या औषधाचा) निर्णय रेडिओलॉजिस्टसोबत घ्या. शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय शक्यतो त्याच यंत्रावर आणि त्याच सिक्वेन्सने (चित्र घेण्याच्या पद्धतीने) घ्या. नाहीतर मधल्या चित्राची तुलना कशाशी करणार?

भूल देताना

न्यूरोसर्जरीत हात सवयीने श्वासासाठीच्या फ्लेक्सोमेटॅलिक (न मुडपणाऱ्या) ट्यूबकडे जातो. इथे ती चालत नाही, तिच्यात स्टीलची स्प्रिंग असते. साधी पीव्हीसी ट्यूब घ्या. तिच्याही पायलट बलूनच्या झडपेत बारीक स्प्रिंग असते. तो फुगा गालावर न चिकटवता छातीकडे वळवून टेप लावा, नाहीतर चेहऱ्यालगत काळा डाग उमटतो. तापमानाचा सेन्सर असलेला फोलीही (लघवीची नळी) नको. तापमानासाठी फायबर-ऑप्टिक प्रोब वापरा.

ईसीजीचे इलेक्ट्रोड एमआरआयसाठी मान्य असलेलेच लावा. वायरी सरळ ठेवा, त्यांचा वेटोळा करू नका, त्वचेला टेकू देऊ नका. भाजण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच. मॅग्नेटच्या आत वाहते रक्त स्वतःच विद्युत संकेत निर्माण करते, त्यामुळे ईसीजीतली टी-वेव्ह उंच दिसते आणि एसटी सेगमेंटवर (हृदयाला रक्त कमी पडल्याचे दाखवणाऱ्या भागावर) विसंबता येत नाही. आत असेपर्यंत आर्टेरिअल लाइन (धमनीतून रक्तदाब मोजणारी नळी) आणि सॅच्युरेशनची लहर यांवर नजर ठेवा. मोटर मॉनिटरिंगच्या (हालचालीचे मार्ग शाबूत आहेत का ते तपासण्याच्या) सुया लावल्या असतील तर त्या कोणत्या धातूच्या आणि स्कॅनमध्ये राहू शकतात का, हे लावण्याआधी ठरलेले हवे.

इन्फ्यूजन पंप ५ गॉसच्या रेषेबाहेर (मॅग्नेटभोवती जमिनीवर रंगवलेल्या सुरक्षेच्या सीमेबाहेर) राहतील एवढ्या लांब नळ्या लागतात. लांब नळीत औषधाचा साठाही जास्त असतो: प्रवाहाचा वेग बदलला की परिणाम उशिरा दिसतो, आणि मधेच कोणी फ्लश मारला तर सगळा साठा एकदम आत जातो.

दोन्ही कानांत प्लग आत्ताच घाला. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो. भूल दिली म्हणून कान वाचत नाहीत. ड्रेप पडल्यावर कानापर्यंत हात पोहोचणार नाही. तळवा मांडीला, टाच टाचेला टेकत असेल तर मधे जाड गादी घाला, कारण त्वचेला त्वचा लागली की तिथेही प्रवाहाचे वर्तुळ पूर्ण होते.

डोके बसवणे

हेड होल्डर एमआरआयसाठी बनवलेला, कार्बन फायबर किंवा तशाच प्लास्टिकचा असतो. नेहमीच्या धातूच्या होल्डरपेक्षा तो थोडा लवचीक असतो, म्हणून पिना निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच आवळा. कॉइलचा खालचा अर्धा भाग डोक्याखाली आधीच बसवावा लागतो. वरचा अर्धा निर्जंतुक आवरणात गुंडाळून नंतर येतो.

आता मोजमाप. गँट्रीचा व्यास ६० किंवा ७० सेंटिमीटर. त्याच मापाचे एक कडे प्रत्येक संचासोबत मिळते. ते डोके, खांदे, कोपर यांवरून फिरवून पाहा. कुठे अडले तर स्थिती बदला. पाठीवर झोपून डोके थोडे वळवलेले असेल तर सोपे, पोटावर झोपवूनही जमते, पार्क-बेंचमध्ये (कुशीवर झोपवून) वरचा खांदा अडतो, आणि बसलेल्या स्थितीत हा बेतच सोडा. शक्य असेल तिथे हाडाचे भोक वरच्या बाजूला येईल असा कोन घ्या. त्याचे कारण पुढे खारे पाणी भरताना कळेल.

छेद देण्यापूर्वी एक छोटा स्कॅन घ्यावा, निदान लोकलायझर (जागा ठरवणारे झटपट चित्र) आणि एक थ्री-डी टी-१ (मेंदूची रचना दाखवणारे चित्र). दहा मिनिटे जातात, काही सर्जन कुरकुरतात. पण कॉइल जोडलेली आहे, डोके मध्यावर येते, दार बंद होते, नॅव्हिगेशन जुळते, हे सगळे कवटी बंद असतानाच सिद्ध होते. या स्कॅनला कॉन्ट्रास्ट देऊ नका, ते नंतरसाठी राखा.

थांबायचे केव्हा

सर्जनला गाठ पूर्ण निघाली असे वाटले की, किंवा पुढे जावे की नाही याचा निर्णय चित्रावरच अवलंबून असला की. अर्धी गाठ समोर दिसत असताना केलेला स्कॅन म्हणजे तासभराची उधळपट्टी. ३० ते ४० मिनिटे आधी सूचना द्या, म्हणजे रेडिओलॉजिस्ट येऊन पोहोचतो आणि मॅग्नेटची खोली पुसून तयार होते.

त्यानंतरचा क्रम असा:

१. रक्तस्राव खरोखर थांबवा. पुढची ३० ते ४५ मिनिटे जखमेला हात लागणार नाही. रक्तदाब रुग्णाच्या नेहमीच्या पातळीवर आणून, वाटल्यास छातीतला दाब क्षणभर वाढवून कडा तपासा.

२. पोकळी नीट धुवा. ड्रिलच्या पात्यातून सुटलेले स्टीलचे अदृश्य कणसुद्धा चित्रात नाण्याएवढा काळा डाग पाडतात. सगळ्या पॅटी (मेंदूवर ठेवलेले कापसाचे छोटे तुकडे) बाहेर काढा.

३. शरीराच्या तापमानाचे नॉर्मल सलाइन पोकळीत काठोकाठ भरा. हवा आणि मेंदू यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र वाकते. डिफ्यूजनची (ऊतीतल्या पाण्याची हालचाल दाखवणारी) चित्रे तर तिथे पार विस्कटतात. भोक वर असेल तर पाणी टिकते, बाजूला असेल तर गळते.

४. ड्युरा दोन-चार टाक्यांनी सैल जवळ आणा किंवा ओल्या आवरणाने झाका.

५. रिट्रॅक्टर, त्वचेचे हूक, धातूच्या क्लिपा, सक्शन, बायपोलर (रक्तस्राव थांबवणारा विजेचा चिमटा), ड्रिल काढून ५ गॉसच्या रेषेबाहेर न्या. सूक्ष्मदर्शकही.

६. मोजणी. दोन जणांनी, मोठ्याने, फळ्यावर लिहून. सुया, पाती, हूक, क्लिपा, ड्रिलचे बिट, पॅटी.

७. निर्जंतुक ड्रेपने डोके पूर्ण गुंडाळा, कॉइलचा वरचा भाग बसवा आणि प्लग घट्ट बसल्याची खात्री करा.

मोजणीत एक सुई कमी भरली तर स्कॅन होत नाही. ‘जमिनीवर पडली असेल’ हे उत्तर नव्हे. शोधा, सी-आर्मने (फिरत्या एक्स-रे यंत्राने) जखम पाहा, सापडली तरच पुढे. स्टीलची सुई उघड्या मेंदूजवळ १.५ टेस्लात गेली तर ती कुठे जाईल हे कोणाच्याच हातात नसते.

दार उघडण्यापूर्वी

एका व्यक्तीला सुरक्षेचे अधिकार द्या, टेक्निशियन असो वा सिस्टर. तिने ‘थांबा’ म्हटले की विभागप्रमुखांनीही थांबायचे. ती प्रत्येकाचे खिसे तपासते: पेन, मोबाइल, कात्री, किल्ल्या, ओळखपत्राची क्लिप, स्टेथोस्कोप. मग यंत्रे. सरकत्या मॅग्नेटच्या पद्धतीत चाकांवरची प्रत्येक वस्तू भिंतीला साखळीने बांधलेली हवी. जमिनीवर ०.५ मिलिटेस्ला, म्हणजेच ५ गॉसची रेषा रंगवलेली असते. तिच्या आत काय राहू शकते याची छापील यादी दारावर लावा.

ऑक्सिजनचा सिलिंडर हा सर्वांत मोठा शत्रू. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत सिलिंडर घेऊन गेलेला नातेवाईक सिलिंडरसकट ओढला जाऊन दगावला. मॅग्नेट ‘बंद’ नसते: वीज गेली, संगणक बंद केला, रात्र झाली, तरी क्षेत्र चालूच. ही गोष्ट नव्या ब्रदरला, वॉर्डबॉयला, सफाई कर्मचाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलेली असली पाहिजे. सूचनाफलक इंग्रजीत लावून भागत नाही.

मग विजेची साधने. कॉटरी, गरम हवेचे ब्लँकेट, न लागणारे मॉनिटर यांचे प्लग काढा, नुसते बटण बंद करून पुरत नाही. १.५ टेस्लाचे यंत्र सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर ऐकत असते, ३ टेस्लाचे १२८ वर. खोलीतला विजेचा गोंगाट त्यात मिसळतो. तांब्याच्या कवचाचे दार पूर्ण दाबून बंद करा.

हृदय बंद पडले तर काय, याची तालीम वर्षातून दोनदा तरी व्हावी. उत्तर एकच: छाती दाबायला लगेच सुरुवात करा, त्याच वेळी टेबल बाहेर ओढा किंवा मॅग्नेट मागे न्या, आणि डिफिब्रिलेटर रेषेबाहेरच वापरा. क्वेंचचे (हीलियम सोडून मॅग्नेटचे क्षेत्र उतरवण्याचे) लाल बटण यासाठी नाही. क्षेत्र उतरायला मिनिटाच्या वर वेळ लागतो, द्रव हीलियमचा वायू होताना तो सातशे पटींहून अधिक फुगतो, आणि निकास नळीत बिघाड असेल तर खोलीतला ऑक्सिजनच हटतो. ते बटण माणूस आणि मॅग्नेट यांच्यामध्ये लोखंड अडकले असेल तेव्हाचे.

सिक्वेन्स आणि कॉन्ट्रास्ट

लोकलायझरनंतर फ्लेअर आणि टी-२ (गाठ आणि सूज उजळ दाखवणारी चित्रे), मग कॉन्ट्रास्टविना थ्री-डी टी-१ (एक मिलिमीटरचे समभुज व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचे घनाकार ठिपके), मग डिफ्यूजन. कॉन्ट्रास्ट शेवटी आणि लगेच त्याच मापाचे थ्री-डी टी-१. लो-ग्रेड गाठीत निर्णय फ्लेअरवर होतो, तिथे कॉन्ट्रास्ट बहुधा लागतही नाही. ट्रॅक्टोग्राफी (मज्जातंतूंच्या मार्गांचा नकाशा) नव्याने हवी असेल तर वेळ वाढतो. मोटर मार्गालगत काम असेल तरच मागा.

कॉन्ट्रास्टची मात्रा ०.१ मिलिमोल प्रति किलो. ६० किलोच्या रुग्णाला ६ मिलिमोल, म्हणजे ०.५ मोलरचे औषध १२ मिली, पण १ मोलरचे गॅडोब्युट्रॉल ६ मिलीच. बाटली बदलली की इथे हटकून चूक होते, म्हणून ऑर्डरवर मिली नव्हे, मिलिमोल लिहा.

कॉन्ट्रास्टविना टी-१ गाळून वेळ वाचवू नका. रक्त आणि रक्त थांबवण्याचे साहित्य काही वेळा आपोआपच पांढरे दिसते. आधीचे चित्र नसेल तर ते गाठ म्हणून वाचले जाते.

चित्र वाचताना

हा नेहमीचा एमआरआय नाही. कापलेल्या कडेतून कॉन्ट्रास्ट झिरपतो आणि पोकळीभोवती पातळ, सलग पांढरी रेघ उमटते. ती गाठ नव्हे. जाड, गोळ्यासारखा, शस्त्रक्रियेपूर्वीच्या चित्रात त्याच जागी असलेला पांढरा भाग म्हणजे उरलेली गाठ. कॉन्ट्रास्ट देऊन जितका उशीर, तितकी ही झिरप वाढते आणि फरक पुसट होतो. दोन्ही टी-१ एकमेकांतून वजा करून पाहा.

फ्लेअरवर ओढाताणीची सूज आणि उरलेला लो-ग्रेड भाग सारखेच पांढरे दिसतात; इथे जुने चित्र शेजारी ठेवून आकार जुळवण्यावाचून मार्ग नाही. डिफ्यूजनवर पांढरा आणि एडीसीवर (डिफ्यूजनवरूनच काढलेल्या नकाशावर) काळा पट्टा कडेला दिसला तर तिथला रक्तपुरवठा तुटला असण्याची शक्यता. त्याची नोंद ठेवा, कारण काही आठवड्यांनी तोच भाग कॉन्ट्रास्ट घेईल आणि कोणीतरी त्याला गाठ परतल्याचे म्हणेल.

सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकाच पडद्यासमोर हवेत, फोनवर नकोत. उरलेला भाग तिथेच रेखून नॅव्हिगेशनला पाठवा. उरले म्हणजे काढायलाच हवे असे नाही. तो तुकडा बोलण्याच्या किंवा हालचालीच्या मार्गाला चिकटलेला असेल तर विद्युत उत्तेजनाचा कौल चित्रापेक्षा वरचा.

परत कामाला

बाहेरचा ड्रेप दूषित समजून काढा, नवे ड्रेप, नवे हातमोजे. हत्यारे परत येताना पुन्हा मोजा. कॉइलमधल्या खुणांवरून नवे चित्र आपोआप जुळवता येते, पण त्यावर आंधळा विश्वास नको. पॉइंटर हाडाच्या कडेवर आणि एखाद्या ठळक शिरेवर टेकवून पाहा. तीन-चार मिलिमीटरचा फरक दिसला तर बहुधा संदर्भाचा तारा (नॅव्हिगेशनचा कॅमेरा ओळखतो ती होल्डरवरची खूण) कोणाच्या तरी कोपराने हललेला असतो. जुने चित्र पडद्यावरून हटवा. दोन्ही उघडी राहिली की घाईत चुकीच्याच चित्रावर बोट जाते.

बिघडले तर

चित्रावर आडवी किंवा उभी ठिपक्यांची झिप दिसली तर बाहेरची लहर आत येते आहे: दार, पंप, विसरलेला प्लग या क्रमाने शोधा. चित्र दाणेदार आणि फिके आले तर कॉइलचा वरचा भाग डोक्यापासून लांब आहे किंवा प्लग अर्धवट बसला आहे. काळे भोक आणि त्याला पांढरी कडा असेल तर धातू. स्कॅन थांबवा, आधी सुरक्षा, मग चित्र. पोकळीच्या वरच्या टोकाला काळी चंद्रकोर म्हणजे हवा, सलाइन कमी पडले. रुग्णाचे अंग आत थंड पडते, कारण गरम हवा बंद आणि गँट्रीतला पंखा चालू. दीर्घ स्कॅनमध्ये रेडिओलहरींमुळे उलट तापूही शकते. म्हणून तापमान सतत दिसायला हवे.

सुरुवातीला मोजणीपासून पुन्हा काम सुरू होईपर्यंत दीड तासही जातो. बसलेली टीम ते तासाभरात आणते. पहिल्या रुग्णाआधी डमीवर निदान तीन कोरड्या तालमी करा.

मॅग्नेट नसेल तिथे हात बांधलेले नसतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या न्यूरोसर्जरी गटाने नॅव्हिगेशनला जोडलेल्या थ्री-डी अल्ट्रासाउंडवर भरपूर काम प्रसिद्ध केले आहे. ते काही मिनिटांत, हवे तितक्या वेळा करता येते. हाय-ग्रेड गाठीसाठी ५-एएलए हे औषध, २० मिलिग्रॅम प्रति किलो, भुलीच्या दोन-चार तास आधी तोंडाने देतात, आणि निळ्या प्रकाशात गाठ गुलाबी चमकते. मॅग्नेट असलेल्या ठिकाणीही ही दोन्ही साधने हाताशी ठेवल्यास स्कॅनच्या फेऱ्या कमी होतात.

शेवटच्या स्कॅननंतर आणखी काही काढले नसेल, तर ४८ ते ७२ तासांतला नेहमीचा एमआरआय पुष्कळदा टाळता येतो. काढले असेल तर टाळू नका, आणि डिस्चार्ज कार्डावर ‘मधला स्कॅन’ आणि ‘अंतिम स्कॅन’ अशा दोन वेगळ्या नोंदी करा.